मांडणीच्या मागे

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत धडधडायला लागलं की लिहून काढा, मन मोकळं होतं. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथीपर्यंत, माझं लिहिणं वाचून कागदच आजारी पडेल. तर म्हणाल्या, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन तपासायला मी येणार नाही. गोळी दिली असती तर एका घोटात काम झालं असतं. ती नाही दिली. आता बसा लिहीत.

तर धडधडतंय कशानं ते लिहिते. आमच्या धान्यकेंद्रावर साहेबांनी एक पोरगी आणली आहे. केंद्र म्हणजे काय, दुकानदार आणि गोदामवाले उरलेलं, तारीख जवळ आलेलं सामान देतात आणि ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांना आम्ही ते फुकट वाटतो. खिडकीवर मी असते. गजांची खिडकी, बाहेर रांग, आत मी, माझ्यामागे बांधून ठेवलेल्या पिशव्या. सगळ्यांना एकसारखी पिशवी. हे हवं, ते नको, असलं काही नाही. पिशवी द्यायच्या आधी मी विचारते, घरात माणसं किती, कमावतं कोण, मागच्या वेळचं इतक्यात कसं संपलं. नीट उत्तर दिलं की पिशवी.

ही पोरगी आराखडे काढते. घरांचे नाहीत, रांगांचे म्हणे. रांगेचा कसला आराखडा? एकामागे एक उभे राहा, झालं. सबंध दिवस मापाची टेप घेऊन फिरत होती. मी तिला टेपवाली म्हणते. बाहेर जाऊन खिडकीशी वाकली आणि गजांतून माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, इथून तुमचं नुसतं तोंड दिसतं. आणि ते बघायला मान खाली घालावी लागते."

मी म्हटलं, "मग काय आरती ओवाळू?"

हसली. पण खिडकी काढायची आहे, हेही हसत हसतच सांगून गेली. खिडकी काढून आत दुकानासारखी मांडणी लावणार, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं.

धडधडतंय ते या मांडणीनं. लहान असताना मी धान्याची गाडी लुटताना पाहिली आहे. एक बाई खाली पडली आणि पोती घेऊन लोक तिच्या अंगावरून गेले. तिची चप्पल मी घरी घेऊन आले होते, का आणली ते मलाही ठाऊक नाही. गज असले की माझा श्वास नीट चालतो. या पोरीला काय सांगणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझी सुट्टी. गुरुवारी केंद्रावर पोस्टमन असतो. निवृत्त झाला, आता धान्य वाटतो. भिडस्त माणूस. कोणी आलं की "घ्या, घ्या" करतो, विचारत काहीच नाही.

सकाळी लेकीचा फोन. "आई, आज घरीच ना?" दर गुरुवारी करते. म्हटलं, हो गं बाई, घरीच, पाय वर करून. आजकालच्या मुली आईची एवढी विचारपूस करत नाहीत, आमची करते.

दुसरी गोष्ट लिहायची लाज वाटते. पिठाचा डबा परत तळाला गेला. आम्ही दोन म्हातारे, खातो ते किती. मी भरल्याचं मला चांगलं आठवतं, आणि डबा तर रिकामा. तेलाचंही तसंच. आमच्या ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, तू भरलाच नसशील." आणि पिशवी काखेत मारून फिरायला निघून गेले. माझ्या आईचं डोकं असंच गेलं होतं. आधी मीठ, मग किल्ल्या, मग आम्ही. मला त्याची इतकी भीती वाटते की डब्याला पेन्सिलीनं खूण करायलाही हात धजत नाही. खूण केली आणि तीही विसरले तर?

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती, नातीला घेऊन. नातीला आम्ही ठमाबाई म्हणतो, तोरा तसाच आहे. जावई आले नाहीत. त्यांना जादा पाळी आहे. सहा महिने झाले जादा पाळीच चालली आहे. माणसाला कारखान्यानं गिळून टाकलं.

लेक वाळली आहे. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाते. जेवायला बस म्हटलं तर "जेवून आले गं, वजन कमी करायचंय." कुठलं वजन? ठमाबाई मात्र दोनदा भात घेऊन वर माझ्या ताटातलं अंडं पळवून गेली. मला हसू आलं. लेक तिच्यावर ओरडली, उगीचच.

जेवताना मी केंद्रावरच्या गमती सांगत होते. म्हटलं, परवा एक चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आला रांगेत. मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, काय हो, हातपाय धड आहेत ना? तर न घेताच गेला. गेला तर गेला, दुसऱ्याला मिळेल. आमचे हे एकदम म्हणाले, "पुरे आता." लेक उठून मोरीत गेली आणि भांडी घासत बसली. पाहुणी आलेली मुलगी कधी भांडी घासते का? मी म्हटलं राहू दे, तर वळलीसुद्धा नाही.

तिला काहीतरी आजार आहे. आतल्या आत खाणारा. ती सांगत नाही. डॉक्टरीणबाईंकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "आई, मला काही झालेलं नाही." पण ज्याला काही झालेलं नसतं तो असं दाराकडे बघत बोलत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टेपवालीनं आज मला हाताला धरून गल्लीच्या टोकाला नेलं. तिथल्या कट्ट्यावर आमची सुक्या कडधान्यांची पाकिटं ठेवलेली. न फोडलेली. सात-आठ असतील.

मी म्हटलं, "बघा, माज बघा."

ती म्हणाली, "मावशी, हे शिजायला किती वेळ लागतो?"

"रात्री भिजत घाला, सकाळी तासभर शिजवा."

"आणि गॅस संपलेला असेल तर?"

मी म्हटलं, "मग आधीच सांगायचं ना खिडकीवर!"

ती टेप उघडून कट्ट्याची उंची मापायला लागली. कट्ट्याची उंची कशाला हवी असते कोणाला? मला वाटतं, बोलायचं नसलं की ती मापं घेते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खोक्यांची खोटी मांडणी उभी केली आहे. खरी करायच्या आधी चालून बघायचं असतं म्हणे. फळ्या उतरत्या आहेत. मागून पुडा सोडला की घसरत पुढे येऊन थांबतो, म्हणजे पुढून बघणाऱ्याला फळी कायम भरलेली दिसते. भरणारा माणूस मागे राहतो, मधे मांडणीची भिंत. फटीतून पलीकडचे हात तेवढे दिसतात. टेपवाली म्हणते, फळी रिकामी दिसली की माणूस घाबरून ओरबाडतो, भरलेली दिसली की लागेल तेवढंच घेतो. मी म्हटलं, "तू कधी उपाशी राहिलीयस?" ती म्हणाली, "हो." मला वाटलं, नाही म्हणेल. 

आत यायचं दार रस्त्यावरून काढून मागच्या बोळात नेलं आहे. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे एकमेकांची तोंडं बघायला नकोत.

मग मला म्हणाली, "मावशी, तुमचा हात भरभर चालतो. तुम्ही मागून भराल का? पुढे दुसरं कोणी उभं राहील."

मी ताडकन म्हटलं, "मी पुढेच. खिडकी नेलीत, आता माझं तोंडही नेता का?"

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांना तोंड द्यायला नको असलं की चष्मा घाण होतो. बरं म्हणाले, राहा पुढे.

मागे गेले की मी संपले. मागून कोणाला काय विचारणार? आणि विचारलं नाही तर हे सगळं कुठं जाऊन थांबणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज उघडलं.  घरातून निघताना ह्यांना म्हटलं, मला काही झालं तर तिजोरीची किल्ली पितळी डब्यात आहे. हे म्हणाले, "केंद्रावर चाललीयस का लढाईवर?" ह्यांना हसायला काय जातं.

तेलाच्या पिशव्या मी निम्म्या खुर्चीखाली लपवल्या आणि वर शाल टाकली. शिटी गळ्यात. दार उघडलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

कोणी धावलं नाही. एक म्हातारी फळीसमोर नुसती उभीच राहिली. मी म्हटलं, "घ्या लवकर, मागे माणसं आहेत." ती म्हणाली, "बाई, काय घेऊ?" म्हटलं, हवं ते. ती म्हणाली, "बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नाही मला." आणि एक साबण घेऊन चालू लागली. तिला परत बोलावून तांदूळ द्यावे लागले.

संध्याकाळी उरलेलं मोजलं, तर पिशव्यांत जायचं त्यापेक्षा कमी गेलं आहे. साहेब खूश. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, बुजलेत. एकदा सोकावले की बघा. टेपवालीला माझ्या शालीखालचं तेल दिसलं. खुर्चीची उंची मापून गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हटलं होतं ना. सोमवार, मंगळवार, बुधवार माझ्यासमोर मोजकी माणसं, आणि काल गुरुवारी म्हणे बोळ भरून माणसं. पोस्टमनला दुपारी जेवायला उठता आलं नाही. मी त्याला गाठलं. म्हटलं, "तुमच्या वारी का येतात एवढे?"

तो चपलेकडे बघत म्हणाला, "येतात, ताई. ज्याची त्याची सोय."

"कसली सोय? तुम्ही काही विचारत नाही, ही सोय. तिन्ही दिवस दडून बसायचं आणि गुरुवारी येऊन हात मारायचा."

"तसं नाही हो, ताई…"

"मग कसं?"

तो म्हणाला, "चहा घेता का?"

टेपवाली तिथंच होती. तिनं विचारलं, "मावशी, गुरुवारी तुमची सुट्टी असते ना? पहिल्यापासून?" म्हटलं, पहिल्यापासून. ती हं म्हणाली. तिचा आवाज असा होता, जणू मलाच काहीतरी सांगायचं राहिलं आहे. मला राग आला. कोड्यात बोलणारी माणसं मला चालत नाहीत.

आणि आता ही नवी धास्ती. दोन गोदामवाल्यांनी हात आखडता घेतला आहे. साहेब म्हणाले, आठवड्यातला एक दिवस बंद करावा लागेल, नाहीतर सबंध केंद्रच चालायचं नाही. कुठला करू? मी म्हटलं, गुरुवार. त्यात विचार कसला? टेपवाली म्हणाली, "सगळ्यात जास्त माणसं ज्या दिवशी येतात तोच?" मी म्हटलं, "सगळ्यात जास्त लबाड ज्या दिवशी येतात तो." साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाटी लावू.

रात्री पाठ टेकली तरी शांत वाटत नाही. जिंकले तर होते.

६ मार्च, गुरुवार

कसं लिहू?  पण लिहिते, नाहीतर तोंडातून जाईल.

काल ठरवलं होतं, पाटी लागायच्या आधी गुरुवारचे लबाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. म्हणजे साहेबांना नावानिशी सांगता येईल. ह्यांना म्हटलं, डोळे तपासायला जाते.

निघताना लेकीचा फोन आला. "आई, आज घरीच ना?" मी म्हटलं, हो. उगीच सांगत बसायला नको म्हणून हो म्हटलं. त्या ‘हो’बद्दल देव मला काय करील ते करो.

दार उघडायच्या आधीच आत शिरले. पोस्टमनचा चेहरा उतरला. "ताई, तुमची सुट्टी आहे ना? जा ना घरी. आराम करा." मी म्हटलं, गुपचूप पुढे जा, मी मागून भरते, आणि मी इथे आहे हे कोणाला कळता कामा नये. तो म्हणाला, "ताई, ऐका माझं." मी ऐकलं नाही. मी कधी कोणाचं ऐकते?

मांडणीच्या मागे स्टूल टाकून बसले. दार उघडलं आणि आवाज यायला लागले. पहिलं मला काय कळलं, तर इथे माणसं बोलतात. माझ्या वारी कोणी बोलत नाही. एक बाई म्हणत होती, "हळू घ्या गं, आज फौजदार नाही, पळून नाही जात सामान." दुसरी म्हणाली, "फौजदार नाही म्हणून तर माझा हा पाय चालत आला, नाहीतर दारातच आखडतो." सगळ्या हसल्या. हा फौजदार कोण, असं मला क्षणभर वाटलं. खरंच वाटलं. मग कळलं, आणि कान तापले. उठून पुढे जाणार होते. उठलेही होते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आई, हे आजीचं दुकान आहे ना?"

मी उठलेली तशीच राहिले. ना उभी ना बसलेली.

"हळू बोल." हा माझ्या लेकीचा आवाज. "सांगितलंय ना, इथे आजीचं नाव काढायचं नाही."

"आजी रागावेल?"

"नाही. आजी आज घरी आहे. बिस्किटांचा एकच घे हं. एकच."

"बाबांना?"

"बाबांना आपण तांदूळ घेतोय ना. कामाला लागले की बाबाच आणतील पुडेच्या पुडे."

मी मधल्या फटीतून बघितलं नाही. डोळे मिटून घेतले. मग राहवलं नाही, उघडले, तर फटीतून तिचे हात दिसले. तिनं पीठ घेतलं. मग परत ठेवलं. मग लहान पिशवी घेतली. जिला मी ताटावरून उठू द्यायचे नाही, ती माझ्यापासून दोन हातांवर पीठ परत ठेवत होती, कोणाला कमी पडू नये म्हणून. आजार नाही तिला. कसलाही आजार नाही. आजार असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं. असं आईच्या मनात कसं येतं?

आणि मग ठमाबाईनं फटीला डोळा लावला. "आई, आत कोणीतरी आहे."

मी तोंडावर हात दाबला. आयुष्यात कधी एवढी भ्याले नाही, त्या गाडीच्या दिवशीसुद्धा नाही. तिनं "आजी" म्हटलं असतं तर लेकीनं पिशवी तिथंच टाकली असती, आणि परत ती इथे आली नसती, आणि माझ्या घरीही आली नसती. तिला मी ओळखते. माझीच आहे ती.

लेक म्हणाली, "असतात आत. सामान भरणारे. त्यांना त्रास देऊ नये."

माझ्या हातात बिस्किटांचा पुडा होता.  फळीवर ठेवला आणि सोडला. घसरत गेला.

"आई! आपोआप आलं!"

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, तोही घे."

त्या दोघी गेल्यावर पोस्टमन मागे आला. माझ्यापुढे पाण्याचा पेला धरून उभा राहिला. म्हणाला, "मी सांगत होतो, ताई." मी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "ते विचारू नका." आणि मी, देवाशपथ, नाही विचारलं.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांच्या काखेतल्या पिशवीतून पीठ कुठं जातं ते कळलं. माझं डोकं धड आहे. धड असून काय उपयोगाचं, हा वेगळा प्रश्न. ह्यांना मी काही म्हटलं नाही. बाजारातून मोठा डबा आणून भरून ठेवला. ह्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फिरायला जायची चप्पल उलटी घातली.

मग साहेबांकडे गेले. पाटी तयार होती, रंग वाळत होता. म्हटलं, गुरुवार बंद करायचा नाही.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच तर डोकं खाल्लंत माझं! आता का नाही?"

का नाही ते सांगता येत नव्हतं. मला नेहमी सांगता येतं, सगळ्याचं कारण असतं माझ्याकडे.  शेवटी म्हटलं, "सोमवार बंद करा. माझा सोमवार."

"अहो, पण गुरुवारी एका पोस्टमनच्यानं आवरत नाही. मग तुम्ही या गुरुवारी."

"मी नाही येणार."

"का?"

"मेले तरी नाही येणार. दुसरं कोणीही आणा. वाटलं तर उद्यापासून मला मागे बसवा, तोंड शिवून बसते, पण गुरुवारी माझा पाय इथे पडणार नाही."

साहेबांचा चष्मा पुसून पुसून झिजला असेल. टेपवाली दारात उभी होती. ती म्हणाली, गुरुवारी मी उभी राहीन. मग बाहेर येऊन माझ्या गळ्यातच पडली, "मावशी, तुम्हाला पटलं!" म्हटलं, सोड, कशाचं पटलंय? तुझ्या टेपेनं गळा आवळतोय माझा. पोरगी वाईट नाही. तिला वाटतंय तिच्या मांडणीनं मला शहाणं केलं. वाटू दे.

पाटीवर सोमवार रंगवताना खालचा गुरुवार पुसट दिसतोच आहे. दोनदा रंग द्यायला लावला.

आता खरी भीती. तो पुडा. लेक बराच वेळ बोलली नव्हती, ती कशानं? तिला कळलं असेल तर ती यायची नाही. आणि मी बोलावून देऊ गेले तर मुळीच घ्यायची नाही, उलट ह्यांच्या हातचं पीठही परत पाठवील. रविवारी येणार आहे. येईल का?

९ मार्च, रविवार

आले. तिघंही. जावई सहा महिन्यांनी आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो शर्ट बघून माझ्या डोळ्यांसमोर खिडकीवरचा तो दुसरा माणूस आला, मी ज्याला हातपाय धड आहेत का विचारलं होतं. माझ्या हातातला पेला खाली पडला. फुटला नाही, स्टीलचा होता, पण सगळे दचकले. जावई वाकून उचलायला गेले, मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही बसा, दमून आला असाल. ते म्हणाले, "नाही, दमलो नाही." असं म्हणताना मान वर केली नाही त्यांनी.

ताटं मांडली. भात भरपूर केला होता, अंडी, भाजी. केंद्राचा विषय काढायचा नाही, असं मी दाताखाली जीभ धरून ठरवलेलं.  माझं घर इतकं गप्प कधी नसतं.

आणि ठमाबाई म्हणाली, "आजी, एका दुकानात ना, बिस्किटं आपोआप पुढे येतात."

जावयांचा घास तोंडाशी थांबला. आमचे हे पाण्याकडे बघायला लागले. लेकीचं तोंड कागदासारखं. तिनं ठमाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला, टेबलाखालून, मला दिसलं. माझ्या जिभेवर प्रश्न आले, कुठलं दुकान, कोणाबरोबर गेलीस, सवयीनं आले सगळे रांगेत. ते सगळे गिळले.

म्हटलं, "असतात गं अशी दुकानं. छान असतात."

"तू पाहिलीयस?"

"पाहिली नाहीत. ऐकलंय."

मग मी भाताचं पातेलं उचललं आणि ह्यांच्याकडे तोंड करून मोठ्यानं बोलायला लागले, जशी नेहमी तक्रार करते तशी. "अहो, ऐकलंत का? केंद्रावर आता सोमवार बंद. गुरुवार चालू आहे, पण त्या दिवशी मी कायमची सुट्टी मागून घेतली. पुढे नाही, मागे नाही, बोळातसुद्धा फिरकणार नाही. साहेबांना तोंडावर सांगून आले. गुरुवारी मी म्हणजे घरात. कोणी ओढून नेलं तरी जायची नाही."

हे म्हणाले, "बरं."

"बरं काय? पाहिजे तर लिहून देते."

डाव पातेल्यावर वाजत होता. लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत उभी राहिले. तिला कळलं की नाही, कितपत कळलं, रागावली की काय, मला काही कळत नव्हतं. माझ्या खिडकीशी माणसं अशीच उभी राहत असतील. आता आतून काय येतंय, म्हणून.

"आई."

"काय?"

"भात आहे का अजून?"

तिनं ताट पुढे केलं. मी वाढलं. किती हवा, ते विचारलं नाही.